फोंड्याची पेढी आणि पणजीचे सीए: परक्या नेटवर्कवरून स्वतःचा सुरक्षित व्हीपीएन कसा उभारावा

फोंड्यात काजूच्या घाऊक व्यापाराची पेढी, साखळीला गोदाम, मालकांचे घर म्हापशाला आणि हिशेब तपासणारे सीए पणजीत, अशी मांडणी गोव्यात जागोजागी आढळते. हिशेबाचा संगणक फोंड्याच्या कार्यालयात असतो आणि बाकीच्यांना त्यावर दुरून काम करायचे असते. अशा वेळी राउटरमध्ये रिमोट डेस्कटॉपचे (दुरून संगणकाचा पडदा वापरण्याच्या सोयीचे) ३३८९ क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे जोडणीचे दार, थेट इंटरनेटसाठी उघडून देण्याचा उपाय सर्रास केला जातो. तो करू नये. उघडे पोर्ट हुडकत फिरणारे प्रोग्राम इंटरनेटवर अहोरात्र चालू असतात. त्यांना ते सापडले की पासवर्डांचा मारा सुरू होतो आणि पोर्टचा क्रमांक बदलल्याने तो फार तर थोडा लांबतो. योग्य मार्ग असा की हिशेबाचा संगणक इंटरनेटला दिसूच नये आणि ज्यांच्याकडे चावी आहे त्यांनाच व्हीपीएनमधून, म्हणजे इंटरनेटवरून जाणाऱ्या सांकेतिक खासगी जोडणीतून (टनेलमधून), त्याच्यापर्यंत पोहोचता यावे.

यासाठी वायरगार्ड वापरावे असे माझे स्पष्ट मत आहे. जेसन डोननफेल्ड यांनी तयार केलेली ही प्रणाली मार्च २०२० मध्ये लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्याच्या (कर्नलच्या) ५.६ या आवृत्तीत समाविष्ट झाली. विंडोज, अँड्रॉइड आणि आयफोनसाठी तिची अधिकृत ॲप मोफत मिळतात. तिच्यात सांकेतिकीकरणाच्या पद्धती निवडण्याची मुभाच नाही. त्या आधीच ठरवून दिलेल्या आहेत. त्यामुळे चुकून कमकुवत पद्धत निवडली जाण्याची शक्यता उरत नाही. शिवाय ओळखीची चावी नसलेल्या पॅकेटला (नेटवर्कवरून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्याला) वायरगार्ड उत्तरच देत नाही, म्हणून बाहेरून चाचपणाऱ्याला तिथे काही चालू असल्याचा पत्ता लागत नाही. जुन्या राउटरांत अजून दिसणारा पीपीटीपी हा व्हीपीएनचा पर्याय मात्र कितीही सोपा वाटला तरी टाळावा, कारण त्यातील ओळखपडताळणी २०१२ पासून उघडपणे मोडता येते.

पुढे दिलेले पत्ते आणि शब्द वाचनासाठी देवनागरीत आहेत. प्रत्यक्ष फाइलीत ते रोमन अक्षरांत व रोमन अंकांतच लिहावेत.

आधी कागदावर

पहिला प्रश्न असा की फोंड्याच्या जोडणीला स्वतःचा सार्वजनिक पत्ता आहे का? राउटरच्या स्टेटस पानावर दिसणारा वॅन (बाहेरच्या बाजूचा) पत्ता आणि 'माझा आयपी पत्ता' दाखवणाऱ्या संकेतस्थळावरील पत्ता ताडून पाहावा. दोन्ही वेगळे असतील, विशेषतः राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातील असेल, तर सेवादात्याने अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवले आहे असे समजावे. मग राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडली तरी बाहेरून कोणी आत येऊ शकणार नाही. सेवादात्याकडून स्थिर पत्ता विकत घेता येतो. पण मुंबईतील एखाद्या डेटा सेंटरमधला लहानसा सर्व्हर मासिक भाड्याने घेऊन सगळ्यांनी तिथे भेटावे, हे मला अधिक सोयीचे वाटते. फोंड्याची जोडणी बदलली, म्हापशाची बदलली, तरी भेटीचे ठिकाण तेच राहते.

या सोयीची एक किंमत आहे आणि ती आधीच समजून घ्यावी. फोंड्याहून निघालेले पॅकेट मधल्या सर्व्हरवर उलगडले जाते आणि म्हापशाच्या चावीने पुन्हा बंद होते. म्हणजे ज्याच्या हाती तो सर्व्हर, त्याच्या हाती आतली वाहतूक. म्हणून तो सर्व्हर दुसऱ्या कोणत्याही कामाला जुंपू नये आणि टनेलच्या आतही रिमोट डेस्कटॉपचे स्वतःचे सांकेतिकीकरण चालूच ठेवावे.

दुसरा प्रश्न पत्त्यांचा आहे. बाजारातले बहुतेक राउटर १९२.१६८.०.० किंवा १९२.१६८.१.० हाच पट्टा देतात. फोंड्याच्या कार्यालयातही तोच असेल आणि मालक मोरजीच्या एखाद्या होमस्टेच्या वाय-फायवर बसले असतील, तर १९२.१६८.१.२० म्हणजे फोंड्याचा संगणक की शेजारच्या खोलीतला टीव्ही, हे लॅपटॉपला कळणार कसे? म्हणून आधी फोंड्याच्या राउटरचा पट्टा बदलून १९२.१६८.४७.०/२४ (/२४ म्हणजे पहिले तीन आकडे कायम, शेवटचा बदलता) असा काहीतरी कमी प्रचलित करावा. टनेलसाठी १०.४७.०.०/२४ हा वेगळा पट्टा राखावा: मधला सर्व्हर १०.४७.०.१, फोंडा १०.४७.०.२, मालकांचा लॅपटॉप १०.४७.०.३, सीएंचा संगणक १०.४७.०.४. कोणता पत्ता कोणाला दिला याची नोंद एका वहीत ठेवावी.

चाव्या

प्रत्येक यंत्राला दोन चाव्या असतात, खासगी आणि सार्वजनिक. खासगी चावी ज्या यंत्रावर तयार झाली त्या यंत्राबाहेर कधीही जाऊ नये. सगळ्यांच्या चाव्या एकाच संगणकावर तयार करून व्हॉट्सॲपवर वाटण्याची पद्धत सोपी असली तरी तिने मूळ हेतूच धुळीला मिळतो. प्रत्येकाने आपापल्या ॲपमध्ये 'नवे रिकामे टनेल' निवडले की चाव्यांची जोडी आपोआप तयार होते. त्यातली सार्वजनिक चावी तेवढी पाठवावी. ती कोणी वाचली तरी बिघडत नाही. वाटेत कोणी बदलली तर मात्र बिघडते. चावी ४४ अक्षरांची असते आणि तिचा शेवट बरोबरच्या चिन्हाने होतो. ती मिळाल्यावर समोरच्याला फोन करून तिची पहिली व शेवटची आठ-दहा अक्षरे वाचून घ्यावीत. 'सीए साहेब, एकदा ताडून घेऊया' असे म्हणण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. एक चावी दोन यंत्रांत कधीही घालू नये. मालकांच्या लॅपटॉपला वेगळी आणि फोनला वेगळी.

मधला सर्व्हर

भाड्याच्या सर्व्हरवर उबुंटूची दीर्घकालीन आवृत्ती घ्यावी, सर्व अद्ययावत करावे, एसएसएचचा (सर्व्हर दुरून चालवण्याच्या सोयीचा) प्रवेश पासवर्डाने बंद करून केवळ चावीने ठेवावा आणि वायरगार्डचे पॅकेज बसवावे. वायरगार्डचे यूडीपी प्रकारचे ५१८२० पोर्ट आणि एसएसएच सोडून बाकी सर्व फायरवॉलने बंद करावे. इथे अनेकांचा बराच वेळ वाया जातो, कारण सर्व्हरच्या आतल्या फायरवॉलखेरीज भाडे घेणाऱ्या कंपनीच्या नियंत्रण पानावरही एक स्वतंत्र फायरवॉल असते आणि पोर्ट दोन्हीकडे उघडावे लागते. पोर्टचा प्रकार टीसीपी नव्हे, यूडीपी निवडायचा, हेही लक्षात असावे.

संरचनेच्या फाइलीचे दोन भाग पडतात. 'इंटरफेस' भागात सर्व्हरचा टनेलमधील पत्ता, पोर्ट व खासगी चावी येते. ही फाइल मूळ (रूट) वापरकर्त्याशिवाय कोणालाही वाचता येऊ नये. त्याखाली प्रत्येक यंत्रासाठी एक 'पीअर' भाग येतो, ज्यात त्याची सार्वजनिक चावी आणि 'अलाउड आयपीज' ही ओळ असते.

ही ओळ नीट समजली की वायरगार्डचा मोठा भाग समजला. ती एकाच वेळी दोन कामे करते. बाहेर जाताना, या पत्त्यांसाठीचे पॅकेट कोणत्या चावीने बंद करायचे हे ती ठरवते. आत येताना, त्या चावीने उघडलेल्या पॅकेटवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता या यादीत नसेल तर ते टाकून देते. म्हणून सीएंच्या चावीपुढे सर्व्हरवर १०.४७.०.४/३२ (/३२ म्हणजे तो एकच पत्ता) एवढेच लिहावे, म्हणजे त्यांच्या संगणकात व्हायरस शिरला तरी तो मालकांचा पत्ता लावून वावरू शकत नाही. फोंड्याच्या चावीपुढे मात्र १०.४७.०.२/३२ आणि १९२.१६८.४७.०/२४ असे दोन्ही लिहावे, कारण तिच्यामागे संपूर्ण कार्यालय आहे. एकच पत्ता दोन पीअरपुढे लिहिला गेला तर कोणतीही तक्रार न करता तो नंतरच्याकडे जातो आणि आधीचा मुकाट बंद पडतो.

सर्व्हरला एकाकडून आलेले पॅकेट दुसऱ्याकडे पाठवता यावे म्हणून आयपी फॉरवर्डिंग चालू करावे लागते. ते सरसकट मोकळे सोडू नये. सीएंना हिशेबाच्या १९२.१६८.४७.२० या संगणकाचे रिमोट डेस्कटॉप पोर्ट हवे आहे. त्यांना कार्यालयातला कॅमेरा आणि प्रिंटर दिसण्याची गरज नाही. फॉरवर्डिंगचे नियम तेवढ्यापुरतेच लिहावेत.

फोंड्याच्या बाजूला

कार्यालयात रास्पबेरी पाय (हा एक छोटासा संगणक, पुढे नुसता 'पाय') किंवा एखादा जुना लिनक्स संगणक कायम चालू ठेवावा. त्याचा स्थानिक पत्ता १९२.१६८.४७.१० धरू. त्यावरही फॉरवर्डिंग चालू करावे. त्याच्या फाइलीत पीअर एकच, मधला सर्व्हर. त्याचा पत्ता व पोर्ट 'एंडपॉइंट'मध्ये आणि अलाउड आयपीजमध्ये केवळ १०.४७.०.०/२४. 'पर्सिस्टंट कीपअलाइव्ह' २५ सेकंदांवर ठेवावे, कारण राउटरने टनेलची नोंद पुसली तर बाहेरून आलेले पॅकेट आत येणार नाही.

आता सर्वांत जास्त छळणारी अडचण. सीएंचे पॅकेट हिशेबाच्या संगणकापर्यंत पोहोचते, पण उत्तर परत येत नाही. कारण तो संगणक १०.४७.०.४ ला उत्तर द्यायला आपल्या नेहमीच्या राउटरकडे जातो आणि राउटरला हा पत्ता कुठे आहे ते ठाऊक नसते. राउटरमध्ये स्टॅटिक राउट घालावा: १०.४७.०.०/२४ साठी पुढचा थांबा १९२.१६८.४७.१०. सेवादात्याने दिलेल्या राउटरमध्ये ही सोय बंद असेल, तर हाच राउट हिशेबाच्या संगणकावर कायमचा नोंदवावा. पायवर मास्करेडिंग (पाठवणाऱ्याचा पत्ता झाकून स्वतःचा लावणे) करण्याचा तिसरा मार्गही चालतो, पण मग संगणकाच्या नोंदींत सर्वजण पायच्याच पत्त्याने दिसतात आणि कोण कधी आले हे उमगत नाही. एवढे करूनही दार बंदच असेल तर विंडोजची फायरवॉल पाहावी. तिचे नियम स्थानिक पट्ट्यापुरते मर्यादित असले तर १०.४७ चा पाहुणा अडवला जातो.

पावसाळ्यात वीज जाणे-येणे हा आपल्याकडचा नित्यक्रम आहे आणि त्याचा वायरगार्डशी एक अनपेक्षित संबंध आहे. जुन्या रास्पबेरी पायमध्ये बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते, त्यामुळे वीज परत आल्यावर त्याचे घड्याळ मागे राहिलेले असते. वायरगार्डचा प्रत्येक हँडशेक (जोडणी सुरू करतानाची ओळखपाळख) आपल्यासोबत वेळ घेऊन जातो आणि आधी पाहिलेल्या वेळेपेक्षा जुनी वेळ आली तर सर्व्हर तो नाकारतो. इंटरनेटवरून वेळ जुळली की काम सुरळीत होते. पण पायची सर्वच वाहतूक टनेलमधून पाठवली असेल, तर वेळ टनेलची वाट पाहते आणि टनेल वेळेची. म्हणूनच वर अलाउड आयपीजमध्ये फक्त १०.४७.०.०/२४ लिहिले. राउटर व पाय यांना लहानसा यूपीएस द्यावा आणि सेवा यंत्रासोबत आपोआप सुरू होईल असे करावे.

प्रवासातले फोन व लॅपटॉप

केवळ कार्यालय गाठायचे असेल तर लॅपटॉपवर अलाउड आयपीज म्हणून १०.४७.०.०/२४ आणि १९२.१६८.४७.०/२४ पुरेसे आहेत. मोपा विमानतळ किंवा मडगाव स्थानकाच्या वाय-फायवर बसून सगळेच काम टनेलमधून न्यायचे असेल, तर ०.०.०.०/० (म्हणजे सर्व पत्ते) लिहावे, डीएनएसचा (संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेचा) पत्ताही द्यावा आणि सर्व्हरवर मास्करेडिंग लावावे. सोबत आयपीव्ही६ चा (पत्त्यांच्या नव्या पद्धतीचा) सर्वसमावेशक पट्टाही लिहावा. तो राहिला तर आयपीव्ही६ ची वाहतूक टनेलला वळसा घालून उघड्यावर जाते. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये 'ऑलवेज ऑन' आणि 'व्हीपीएनशिवाय जोडणी अडवा' हे दोन पर्याय आहेत. मात्र हॉटेलच्या वाय-फायचे लॉगिन पान टनेलबाहेरच उघडते, त्यामुळे ते पूर्ण होईपर्यंत हे पर्याय बंद ठेवावे लागतात. काही ठिकाणी यूडीपी पूर्ण अडवलेले असते. तिथे फोनचा हॉटस्पॉट वापरून मोकळे व्हावे.

तपासणी

सर्व्हरवर वायरगार्डची स्थिती पाहावी. 'शेवटचा हँडशेक' ही ओळच दिसत नसेल तर दोष चावीत, पोर्टमध्ये किंवा घड्याळात आहे. हँडशेक दिसत असूनही काम होत नसेल तर दोष पत्त्यांत, राउटमध्ये किंवा फायरवॉलमध्ये आहे. मग १०.४७.०.१, १०.४७.०.२ आणि १९२.१६८.४७.२० यांना याच क्रमाने पिंग करावे, म्हणजे हाक देऊन उत्तर येते का ते पाहावे. जिथे उत्तर थांबते तिथेच शोधावे. विंडोज पिंगला मुळात उत्तर देत नसण्याची शक्यता असल्याने शेवटच्या टप्प्यावर थेट रिमोट डेस्कटॉप जोडून पाहावे. पिंग जाते पण पडदा काळाच राहतो किंवा मोठी फाइल अडकते, असे झाल्यास पॅकेटचा आकार कारणीभूत असतो. वायरगार्डचे नेहमीचे एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) १४२० असते. पीपीपीओई (वापरकर्ता-नाव व पासवर्डाने जोडणी करण्याची पद्धत) वापरणाऱ्या फायबर जोडणीवर १४१२ लागते आणि कुठेच जुळत नसेल तर १२८० ठेवावे.

कायद्याबाबत थोडक्यात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश व्हीपीएन सेवा विकणाऱ्यांना, तसेच भाड्याने सर्व्हर देणाऱ्यांना, ग्राहकांची माहिती ५ वर्षे जपून ठेवायला सांगतात. व्यवसायाच्या अंतर्गत व्हीपीएनला ग्राहकनोंदीची ही अट लागू नसल्याचे सर्ट-इनने नंतरच्या खुलाशात म्हटले. मात्र सर्व्हर भाड्याने घेताना आपले नाव व पत्ता खरा द्यावा लागतो.

फोन हरवला किंवा नोकर काम सोडून गेला, तर सर्व्हरवरून त्याचा पीअर चालू स्थितीतूनही काढावा आणि फाइलीतूनही, कारण फक्त चालू स्थितीतून काढलेली चावी सर्व्हर पुन्हा सुरू होताच परत हजर होते. फाइलीत 'सेव्ह कॉन्फिग' चालू असेल तर याच्या नेमके उलट घडते: टनेल बंद होताना चालू स्थितीच फाइलीवर लिहिली जाते आणि हाताने केलेला बदल पुसला जातो. तो पर्याय बंदच ठेवावा. बाकी कोणाचीही चावी बदलण्याची गरज पडत नाही. वहीतल्या त्या पत्त्यापुढे तारीख टाकावी आणि तो पत्ता काही काळ दुसऱ्या कोणाला देऊ नये.