महागडा हेडफोन पैसे वसूल आहे का, हे घरच्या घरी कसं तपासावं

दुकानात तीस हजारांचा हेडफोन डोक्यावर चढवला, दुकानदाराने त्याचं ठेवणीतलं गाणं लावलं आणि तोंडून 'वा!' निघालं, की त्या 'वा'मध्ये मोठा वाटा व्हॉल्यूमचा असतो. व्हिडिओ-रिव्ह्यू बघून ठरवणाऱ्यांचं तर मला नवलच वाटतं. तो माणूस नव्या हेडफोनची तारीफ करत असतो आणि ती तारीफ तुम्ही आपल्या जुन्या इअरफोनमधून ऐकत असता.

२०१७ साली जेरोन ब्रेबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोनांची मापं तपासली. खालचे, मधले, वरचे स्वर हेडफोन कोणत्या प्रमाणात वाजवतो आणि त्याची किंमत काय, यांचा एकमेकांशी संबंध त्याला सापडला नाही. म्हणून सगळे महाग हेडफोन फसवे ठरत नाहीत. पण किमतीच्या चिठ्ठीवरून आवाज ओळखता येत नाही, जुना आणि नवा समोरासमोर ऐकावे लागतात. ते कसं, ते सांगतो.

१. हेडफोन घरी आणा

मित्राचा चार दिवस मागून आणा किंवा परतीची मुदत असलेल्या ठिकाणाहून घ्या. कानात घालायचे इअरफोन एकदा उघडले की बऱ्याच ठिकाणी परत घेत नाहीत, ते आधी विचारा. आणि 'शंभर तास वाजवा, मग खुलेल' असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या. शंभर तासांत पॅड थोडे मऊ होतात, तुमच्या कानांना सवय होते आणि परतीची मुदत संपते.

२. गाण्याचा स्रोत एकच ठेवा

तोच लॅपटॉप, तीच फाइल. डॉल्बी, 'स्पेशियल', 'बेस बूस्ट' अशी आवाजात फेरफार करणारी सेटिंग्ज सगळी बंद.

३. पॅड नीट बसवा

बंद पाठीच्या (बाहेरून कप पूर्ण झाकलेल्या) हेडफोनचा पॅड कानाभोवती पक्का बसला नाही, तर बेस सरळ गळून जातो. चष्म्याची जाड काडी एवढ्या कामाला पुरते. कानात घालायच्या इअरफोनबरोबर रबरी टिपांचे तीन आकार येतात ते उगाच नाही. तिन्ही घालून बघा, आणि डाव्या-उजव्या कानाला वेगळे आकार लागले तर बिनधास्त वेगळे वापरा.

४. दोन्हींचा व्हॉल्यूम जुळवा

सगळे घोळ इथे होतात. मला हीच पायरी सगळ्यात उशिरा जमली, म्हणून जरा सविस्तर.

दोनपैकी एक हेडफोन एखाद्या डेसिबलने (डेसिबल म्हणजे आवाजाच्या मोठेपणाचं माप) मोठा वाजत असेल, तर कानाला तो 'मोठा' वाटत नाही. तो 'मोकळा', 'भरीव', 'स्पष्ट' वाटतो. त्यात भर म्हणजे व्हॉल्यूम चढवला की खर्ज मधल्या स्वरांच्या मानाने जास्त ऐकू येऊ लागतो. कानाची ही खोड फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच मोजून मांडली आहे. म्हणजे मोठ्याने वाजणारा हेडफोन 'बेस काय सुंदर आहे!' हे प्रशस्तिपत्रकसुद्धा फुकटात घेऊन जातो.

'मग दोघांनाही फोनचा व्हॉल्यूम सारखाच ठेवू' हा उपाय कृपा करून सुचवू नका. ओहम म्हणजे हेडफोन विजेला किती अडवतो त्याचं माप. ऑडिओ-टेक्निकाचा एम५०एक्स ३८ ओहमचा आहे, सेनहायझरचा एचडी ६०० तब्बल ३०० ओहमचा. एकाच फोनला, एकाच व्हॉल्यूमवर लावले तर दुसरा उघड उघड हळू वाजतो, आणि ऐकणारा म्हणतो, 'एवढा महाग, पण मजा नाही.' वायरलेस हेडफोनमध्ये तर त्याचा स्वतःचा ॲम्प्लिफायर असतो, तिथे फोनवरच्या पट्टीची तुलना करण्यात काहीच अर्थ नाही.

फोनच्या बटणांनी हे जुळतही नाही. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर व्हॉल्यूमच्या पंधरा पायऱ्या असतात आणि एकेका पायरीत सहज दोन-तीन डेसिबलची उडी असते. आपल्याला अर्ध्या डेसिबलपर्यंत जायचंय. म्हणून विंडोजचा लॅपटॉप घ्या आणि त्यावर 'इक्वलायझर एपीओ' हे फुकट सॉफ्टवेअर टाका. त्यात प्रीॲम्प नावाची ओळ असते, तिथे उणे साडेतीन लिहिलं की आवाज बरोबर साडेतीन डेसिबल उतरतो. त्या ओळीत अधिक (+) चिन्हाचा आकडा घालू नका, आवाज फाटतो. जो मोठा वाजतोय त्याला खाली आणायचं.

आता मोजायचं कसं? लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा घ्या, मधोमध फोनच्या माइकएवढं भोक पाडा. पुठ्ठा हेडफोनच्या एका पॅडवर सपाट दाबून बसवा आणि भोकावर फोनचा माइक टेकवा. फोनवर आवाज मोजायचं कुठलंही साधं ॲप चालेल. खरे डेसिबल किती ते आपल्याला नकोच आहे, दोन हेडफोनांमधला फरक तेवढा हवा.

मोजताना गाणं लावू नका, आकडा नाचत राहतो. 'ऑडॅसिटी' या फुकट सॉफ्टवेअरमध्ये पिंक नॉइज (खालपासून वरपर्यंतचे सगळे स्वर असलेला सलग 'श्श्श' आवाज) तयार करा. पण ती तशीच वाजवलीत तर बेस फुगवलेला हेडफोन उगाच मोठा आकडा दाखवेल, आणि तुम्ही त्याला नको इतका खाली आणाल. म्हणून तिला ५०० हर्ट्झचा हाय-पास आणि २००० हर्ट्झचा लो-पास फिल्टर लावा, म्हणजे ५००च्या खालचे आणि २०००च्या वरचे स्वर गाळले जातात. गाणाऱ्याच्या आवाजातला कानाला सर्वांत जाणवणारा भाग साधारण याच पट्ट्यात असतो, आणि आपण नकळत त्यावरूनच व्हॉल्यूम ठरवतो.

माझं गाडं अडलं होतं ते पुढच्या भानगडीत. आकडा स्थिर राहायच्या ऐवजी हळूहळू घसरत जायचा, आणि दर वेळी वेगळ्याच ठिकाणी थांबायचा. कारण फोनचं नॉइज सप्रेशन! सलग 'श्श्श' आवाज आला की तो फोनला पंख्याचा वाटतो आणि फोन तो इमानेइतबारे दाबू लागतो. तुमचाही आकडा असा घसरला तर ॲप बदला, नाहीतर फोन बदला. आकडा दहा-पंधरा सेकंद जागेवर राहिला तरच तो खरा धरा. पुठ्ठा काढून पुन्हा बसवल्यावरही तोच आला पाहिजे. तेवढा वेळ घरातला पंखा बंद ठेवा.

कानात घालायच्या इअरफोनला पुठ्ठा चालत नाही. तिथे तीच नॉइज वाजवून कानाने जुळवा: आधी स्पष्ट मोठा करा, मग स्पष्ट लहान करा, आणि प्रीॲम्पचा मधला आकडा धरा. हेडफोन नॉइज कॅन्सलिंगवाला (बाहेरचा गोंगाट दाबणारा) असेल तर रोज ज्या मोडमध्ये वापरणार त्याच मोडमध्ये जुळवा. काही मॉडेलांचा आवाज मोड बदलला की बदलतो.

५. ऐका

तुमच्या रोजच्या ऐकण्यातलं लावा. तानपुऱ्याची जवारी, डग्ग्याचा घुमारा, लावणीतली ढोलकी यांत फरक लवकर पकडता येतो. ७८च्या तबकड्यांवरून उतरवलेली नाट्यपदं कितीही आवडती असली तरी परीक्षेला नकोत. त्या रेकॉर्डिंगमध्ये मुळात जे नाही ते लाख रुपयांचा हेडफोनही वाजवणार नाही. एकच तीस सेकंदांचा तुकडा आलटून पालटून ऐका, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐका. दोन्ही दिवशी तोच फरक सांगता आला तर तो फरक आहे.

६. जुन्याला इक्वलायझर लावून बघा

इक्वलायझर म्हणजे खालचे, मधले, वरचे स्वर वेगवेगळे कमी-जास्त करण्याची सोय. ही पायरी दुकानदार कधीच सांगणार नाही. 'ऑटोईक्यू' या फुकट प्रकल्पात हजारो मॉडेलांच्या मापांवरून काढलेली सेटिंग्ज आहेत. तुमच्या जुन्या हेडफोनचं सेटिंग शोधा, इक्वलायझर एपीओमध्ये टाका, अँड्रॉइडवर 'वेव्हलेट' हे ॲप वापरा. मग व्हॉल्यूम पुन्हा जुळवा (हो, पुन्हा!) आणि नव्याशी तुलना करा. माझा अनुभव असा, की तीन-चार हजारांचा बरा वायरवाला हेडफोन इथे बहुतेक अंतर कापतो. अगदी खालच्या खर्जातली स्वच्छता आणि उघड्या पाठीच्या (बाहेरून जाळी असलेल्या) हेडफोनमधला मोकळेपणा मात्र इक्वलायझरने येत नाही. तेवढ्यासाठी पैसे मोजावेसे वाटले तर खुशाल मोजा.

७. उरलेल्या गोष्टींची किंमत करा

आवाज बाजूला ठेवला तर महाग हेडफोनमध्ये तीन गोष्टी विकत मिळतात.

पहिली नॉइज कॅन्सलिंग. इथे जास्त पैशांना जास्त माल खरोखर मिळतो, असं माझं ठाम मत आहे. एसटीचं इंजिन, विमान, ऑफिसचा एसी असा सलग, जाड आवाज ती छान गिळते. शेजारच्या सीटवर स्पीकर लावून बोलणाऱ्या काकांपुढे मात्र तिचं फारसं चालत नाही. फायदा कानांनाही आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी आहे, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८३ला २० तास, ८६ला १०. बाहेरचा गोंगाट कमी झाला की व्हॉल्यूम आपोआप खाली राहतो.

दुसरी गोष्ट आराम. सलग दोन तास घालून बसा, डोक्याचा माथा आणि कानाच्या पाळ्या काय ते सांगतील.

तिसरी टिकाऊपणा, आणि इथे किमतीचा हिशेब बऱ्याचदा उलटा बसतो. वायरलेसमधली बॅटरी काही वर्षांत दम टाकते, आणि छोट्या इअरबड्समध्ये ती बदलणं जवळपास अशक्यच. तेव्हा किमतीला तीन-चार वर्षांनी भागून वर्षाचा खर्च काढा. याउलट सोनीचा वायरवाला एमडीआर-७५०६ १९९१ पासून आणि एचडी ६०० १९९७ पासून बाजारात आहेत. पॅड फाटले की नवे चढवायचे आणि पुढे चालू. कुठलाही हेडफोन घेण्याआधी त्याचे पॅड सुटे मिळतात का आणि केवढ्याला, हे शोधा. भारतात मिळतच नसतील, तर दहा हजारांच्या वर मी त्यासाठी एक रुपया देणार नाही.