रात्री साडेदहाचा चिवडा: मनाची भूक आवरताना या चुका टाळा

आमच्या स्वयंपाकघरात एक स्टीलचा डबा आहे. झाकण घट्ट बसतं, उघडताना 'टप्' असा आवाज होतो. मागच्या वर्षी मार्चअखेरच्या धामधुमीत तो आवाज होऊ नये म्हणून मी झाकणाखाली चमच्याचं टोक सरकवून, वरून तळहात दाबून, डबा हळूच उघडायला शिकले. दिवा न लावता. आत पातळ पोह्यांचा चिवडा. आधी शेंगदाणे वेचायचे, मग खोबऱ्याचे काप, मग तळाला गेलेलं डाळं, आणि शेवटी नुसते पोहे उरले की तेही. जेवून जेमतेम दीड तास झालेला असायचा. भूक नाही हे मलाही कळत होतं.

एका रात्री मुलगा पाणी प्यायला उठला. दिवा लावून म्हणाला, "आई, अंधारात काय करतेस?" मी म्हटलं, "डबा झाकतेय." तसं खोटं नव्हतं.

त्यानंतर सात-आठ महिने मी या प्रकाराच्या मागे लागले. वाचलं, एका आहारतज्ज्ञ बाईंकडे गेले, पडले, उठले. खा-खा पूर्ण थांबली असं म्हणणार नाही. पण उपाय समजून मी जे जे करत होते, त्यातल्या निम्म्या गोष्टींनीच ती वाढत होती, हे मात्र कळलं.

दिवसभर 'शहाण्यासारखं' खाणं

माझा तेव्हाचा दिवस असा: सकाळी चहा आणि दोन मारी बिस्किटं. डब्यात एक पोळी आणि काकडी. चार वाजता ऑफिसात कुणाचा तरी वाढदिवस, त्याचा केक नाकारला की त्याचाच अभिमान संध्याकाळपर्यंत पुरायचा. घरी पोहोचेतो साडेआठ. मला वाटायचं, दिवसभर आपला संयम उत्तम आहे, रात्री तेवढं काहीतरी बिघडतं. आहारतज्ज्ञ बाईंनी माझी वही चाळली आणि म्हणाल्या, "रात्रीचा प्रश्न रात्री सुटणार नाही. तुमची दुपार दाखवा."

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. उपासमारीतून वाचलेल्यांना पुन्हा खायला कसं घालावं, हे त्यांना शोधायचं होतं. दिवसाला साधारण १,५७० कॅलरी. आजच्या कित्येक 'डाएट प्लॅन'मध्ये याहूनही कमी असतात, हे वाचून मी जरा गप्प झाले. त्या तरुणांना हळूहळू अन्नाशिवाय दुसरं काही सुचेना. ते पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे, ताटल्या चाटायचे. प्रयोग संपून भरपूर खायला मिळू लागलं, तरी त्यातल्या काहींना कितीही खाल्लं तरी पोट भरल्यासारखं वाटेना. ही माणसं लोचट नव्हती. शरीराला तुटवडा जाणवला की ते मनाला अन्नाच्याच मागे लावतं. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' म्हणून आपण साबुदाण्याच्या खिचडीवर हसतो, पण त्या म्हणीत बराच अर्थ आहे.

तर रात्री हात डब्याकडे जात असेल तर पहिली तपासणी दुपारच्या ताटाची. मी दोन पोळ्या, भाजी, वाटीभर उसळ आणि ताक असं जेवायला लागले. ऑफिसातून निघताना मूठभर फुटाणे किंवा उकडलेलं अंडं. सासूबाईंना वाटलं, हिने वजन कमी करण्याचा नाद सोडला. महिन्याभरात रात्रीच्या फेऱ्या आठवड्याला पाचावरून दोनावर आल्या. मनावर अजून काही काम केलंच नव्हतं, फक्त जेवायला लागले होते.

एक चकली मोडली म्हणजे दिवस मोडला

१९७५ साली पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी एक गमतीशीर प्रयोग केला. काही मुलींना आधी मिल्कशेक प्यायला दिला आणि मग आइस्क्रीम पुढ्यात ठेवून 'चव सांगा' म्हटलं. ज्या एरवी मोजूनमापून खात नव्हत्या, त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. ज्या सतत खाण्यावर ताबा ठेवत होत्या, त्यांनी उलट जास्त खाल्लं. मिल्कशेकने नियम मोडलाच होता, मग आता राहिलंय काय!

आपल्याकडे याला 'सोमवारपासून' म्हणतात. गुरुवारी चकली खाल्ली की शुक्रवार, शनिवार, रविवार मोकळे.

याचंच दुसरं तोंड म्हणजे शिक्षा. रात्री खाल्लं म्हणून सकाळी नुसतं लिंबूपाणी, दुपारी फळ. संध्याकाळी सहाला आपण पुन्हा त्या मिनेसोटाच्या पोरांच्या रांगेत. खूप खाल्लं गेलं तर करायचं एवढंच: पुढचं जेवण नेहमीच्या वेळी, नेहमीएवढं. इतका नीरस उपाय की यावर कुणी रील करणार नाही.

डबा लपवणं, डबा रिकामा ठेवणं

घरात मुलं आहेत, सासरे आहेत, दिवाळी आहे. 'घरात ठेवूच नका' हा सल्ला एकट्या राहणाऱ्याला पाळता येईल. एखादा पदार्थ अगदीच आवरत नसेल तर काही दिवस तो लहान पुडीतच आणावा, यात गैर नाही. पण मी फरसाण माळ्यावर ठेवलं तेव्हा स्टूल घेऊन चढले होते.

मला उपयोगी पडलं ते वेगळंच. चिवडा हवा असेल तर खायचा, पण वाटीत काढून, खुर्चीवर बसून, दिवा लावून. मोबाइल बाजूला. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की चिवड्यातलं खोबरं खवट झालंय. बहुधा आठवडाभर मी तेच खवट खोबरं अंधारात वेचून खात होते आणि जिभेला पत्ता नव्हता.

तलफेशी वाद घालणं

'नको, नको, आजच नको' असं म्हणत बसलं की डोळ्यांपुढे फक्त डबाच येतो. तलफ ही बरीचशी चित्रांची असते: ती चकचकीत पुडी, तो तळणीचा वास, तो पहिला कुरकुरीत घास. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठात जॅकी अँड्रेड आणि सहकाऱ्यांनी लोकांना तलफ आलेली असताना तीन मिनिटं टेट्रिस खेळायला दिलं. तेच, आपल्या लहानपणी जत्रेत मिळायच्या त्या 'ब्रिक गेम'मधले पडणारे ठोकळे. तलफेचा जोर कमी झाला. डोळे ठोकळे जुळवण्यात गुंतले की खाण्याचं चित्र रंगवायला जागा कमी पडते, असं त्यांचं म्हणणं.

मी तांदूळ निवडते. हात आणि डोळे दोन्ही गुंततात. नुसती गाणी ऐकून भागत नाही, कारण डोळे मोकळे राहतात आणि ते बरोबर कपाटाकडे वळतात. एकदा घड्याळ लावून पाहिलं. न भागवलेली तलफ वाढतच जाईल आणि शेवटी आपण हरू, ही माझी समजूत होती. माझी सर्वात चिवट तलफ अठरा मिनिटं टिकली.

चिवडा हवा असताना गाजर खाणं ही याचीच धाकटी बहीण. दोन गाजरं खाल्ली, मग चिवडाही खाल्ला.

सगळं मनावर ढकलणं

'भावनिक खाणं' हा शब्द कळल्यावर मी प्रत्येक शेंगदाण्यामागे बालपण शोधायला लागले होते. आधी साध्या गोष्टी बघाव्यात.

झोप. शिकागो विद्यापीठातल्या २००४ च्या एका अभ्यासात १२ निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं. भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक (हार्मोन) २८ टक्के चढलं, तृप्ती देणारं लेप्टिन हे संप्रेरक १८ टक्के उतरलं. गोड, खारट आणि पिठूळ खाण्याची ओढ वाढली ती वेगळीच. मार्चअखेरीला मी किती झोपत होते ते सांगत नाही.

पाळी. आधीच्या आठवड्यात अनेकींची भूक खरोखर वाढते. तेव्हा ताटात एक पोळी वाढवा आणि विषय सोडा.

औषधं. स्टेरॉइडने आणि मनाच्या आजारावरच्या काही गोळ्यांनी, उदाहरणार्थ ओलान्झापिन किंवा मिर्टाझापिनने, भूक वाढते. डॉक्टरांना सांगा, गोळी आपल्या मनाने बंद करू नका. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना थरथर, घाम आणि अचानक भूक असं झालं तर तिथे तांदूळ निवडत बसायचं नाही. साखर तपासायची. ७० (मिग्रॅ/डेसिलिटर) च्या खाली असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून घ्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. तपासायची सोय नसेल तर आधी साखर घ्यायची.

हे सगळं बघून झाल्यावर जे उरतं ते मनाचं. माझं उत्तर फार उशिरा सापडलं. साडेदहा ही दिवसातली एकच वेळ होती जेव्हा मला कुणी काही विचारत नव्हतं. अंधारं स्वयंपाकघर ही माझी एकटीची जागा होती, आणि तिथे जायला काहीतरी निमित्त हवं, म्हणून चिवडा. नुसता चिवडा काढून घेतला असता तर उरलेला एकांतही गेला असता. आता मी दहा वाजता गॅलरीत खुर्ची टाकून वीस मिनिटं बसते. घरात सांगून ठेवलंय, आग लागली तरच हाक मारा. तुमचं निमित्त वेगळं असेल: राग गिळणं, कंटाळा, वरिष्ठांचा फोन. आठवडाभर वेळ आणि त्याच्या आधी काय घडलं, एवढंच लिहा. किती खाल्लं ते लिहू नका, नाहीतर ती वही शिक्षेची होते.

घरच्यांचे टोमणे

"अगं, आत्ताच तर जेवलीस!" या वाक्याने आजवर कुणाचं खाणं कमी झालेलं मी पाहिलेलं नाही. डबा उघडताना चमचा वापरायला मात्र लोक यानेच शिकतात.

आजार असूनही 'सवय' समजणं

थोड्या वेळात भरमसाट खाणं, हात थांबतच नाही असं वाटणं, शरमेने लपून खाणं, नंतर स्वतःची किळस येणं, आणि हे आठवड्यातून किमान एकदा असं तीन महिने चाललेलं असणं: ही अतिभक्षणाच्या विकाराची खूण आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत २०१३ पासून याला स्वतंत्र आजाराचं स्थान आहे आणि त्यावर उपचार आहेत. खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढत असाल किंवा जुलाबाच्या गोळ्या घेत असाल तर तीन महिने मोजत थांबू नका. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही बोलते.

डॉक्टरांकडे गेल्यावर मात्र "मला खूप भूक लागते" असं म्हणू नका. थायरॉइडची तपासणी आणि 'रोज चालत जा' घेऊन घरी याल. वजनाचा विषय निघण्याआधीच सांगा: आठवड्यातून किती वेळा होतं, थांबता येतं का, लपून खाता का, उलटी काढता का. तोंडाने बोलवत नसेल तर चिठ्ठीवर लिहून द्या. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी दुधाच्या हिशोबाच्या कागदामागे लिहून दिलं होतं.