परदेशात शहरं फिरताना भाड्याची गाडी की रेल्वे? आधी हा हिशेब मांडा

सोलापूरहून मुंबईला जायचं तर सिद्धेश्वर किंवा वंदे भारत. तुळजापूर, अक्कलकोट आणि गाणगापूर एका दिवसात करायचं तर गाडी. हे कोणाला शिकवावं लागत नाही. पण युरोपची सहल ठरायला लागली की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो सगळीकडे गाडीच घेऊ, दुसरा म्हणतो रेल्वेचा पास काढून टाकू. बहुतेक वेळा दोन्ही महागात पडतं, कारण हा निर्णय एकेका टप्प्याचा असतो, अख्ख्या सहलीचा नव्हे.

टप्पे कागदावर मांडा

वहीचं एक पान घ्या आणि प्रत्येक टप्प्याला एक ओळ द्या: रोम–फ्लोरेन्स, फ्लोरेन्स–व्हेनिस, व्हेनिस–मिलान, मिलान–इंटरलाकेन, इंटरलाकेन–पॅरिस. पुढे चार रकाने पाडा: रेल्वेने हॉटेलच्या दारापासून दारापर्यंत किती वेळ, गाडीने किती, माणसं आणि बॅगा किती, वाटेत थांबायचंय का. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच रिकामा राहतो.

रोम–फ्लोरेन्सच घ्या. रस्त्याने सुमारे २७५ किलोमीटर, वेगवान रेल्वेने साधारण दीड तास, आणि दोन्ही स्टेशनं शहराच्या मध्यात. गाडीने तीन तासांच्या वर, शिवाय गाडी ताब्यात घेण्यात जाणारा पाऊण तास वेगळा. वाटेत काही बघायचं नसेल तर इथे गाडीचा विचारच नको. पण फ्लोरेन्सच्या आसपासच्या टस्कनी प्रांतातली डोंगरावरची गावं बघायची असतील तर चित्र उलटं होतं. सान जिमिन्यानोला रेल्वे स्टेशनच नाही. म्हणून फ्लोरेन्समधला मुक्काम संपला की शहराबाहेर, शक्यतो विमानतळावर, दोन दिवसांसाठी गाडी घ्यायची, गावं फिरायची, तिथेच गाडी परत करून पुढे रेल्वे धरायची.

आइसलँडमध्ये रेल्वेच नाही, तिथे प्रश्नच मिटला. स्कॉटलंडचा डोंगराळ भाग आणि न्यूझीलंडही गाडीनेच बघावेत, आणि दोन्हीकडे आपल्यासारखंच डावीकडून चालवतात. स्वित्झर्लंडचं उलट आहे. तिथे खेड्यापर्यंत रेल्वे जाते आणि झरमाट, वेंगेन, म्युरेन या गावांत पर्यटकांच्या गाड्यांना प्रवेशच नाही. झरमाटला निघालेली गाडी टेश गावात पैसे देऊन उभी करावी लागते आणि उरलेला रस्ता रेल्वेनेच कापावा लागतो.

गाडीचा खरा खर्च

संकेतस्थळावर दिसणारं दिवसाचं भाडं म्हणजे फक्त सुरुवात. रोम–फ्लोरेन्स–व्हेनिस–मिलान हे अंतर धरा ८०० किलोमीटर. १०० किलोमीटरला ७ लिटर पेट्रोल म्हणजे ५६ लिटर, आणि लिटरला दीड ते दोन युरो. त्यावर टोल. त्यावर पार्किंग: व्हेनिसमध्ये गाडी शहराच्या तोंडाशीच ठेवावी लागते आणि तिथल्या बहुमजली पार्किंगला दिवसाला ३० युरोच्या पुढे सहज जातात, गाडी जागची हलत नसतानाही. स्वित्झर्लंडच्या महामार्गांसाठी ४० फ्रँकचं वार्षिक स्टिकर लागतं, एक दिवस वापरलंत तरी तेवढंच. तिथेच भाड्याने घेतलेल्या गाडीवर ते बहुधा असतं, इटलीत घेतलेल्या गाडीवर नसतं.

सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडण्याचं शुल्क. एकाच देशात ते परवडू शकतं. देश बदलला की कधीकधी भाड्यापेक्षा जास्त होतं. त्यामुळे रोमला घेऊन पॅरिसला सोडू, हा बेत आकडा बघितल्याशिवाय घरात बोलूही नका.

चौघांचं कुटुंब असेल तर गाडी स्वस्त वाटते, कारण भाडं डोक्यांवर वाटलं जातं. पण डिकी बघा. छोट्या गाडीत दोन मोठ्या बॅगा आणि एखादी पिशवी मावते. चौघांच्या चार मोठ्या बॅगा म्हणजे मोठी गाडी, जास्त भाडं आणि जुन्या शहरांच्या बोळांत जास्त घाम.

पास की सुटी तिकिटं

आपल्याकडे बहुतेक गाड्यांचं तिकीट आज काढा नाहीतर महिन्याने, दर जवळपास तोच. तिकडच्या लांब पल्ल्याच्या रेल्वेचं तसं नाही, विमानासारखं आहे. तीन-चार महिने आधी घेतलं तर स्वस्त, आदल्या दिवशी घेतलं तर दुप्पट-तिप्पट. स्वस्त तिकीट त्याच गाडीपुरतं असतं. ती चुकली की पैसे गेले. विमान उतरतं त्याच दिवशीचं असं तिकीट घेऊ नका.

युरेल पास हा युरोपबाहेरच्या प्रवाशांसाठी, ३३ देशांत चालतो. ४ ते ११ वर्षांच्या मुलांचा पास मोठ्यांसोबत फुकट मिळतो, एका मोठ्यामागे दोन मुलं. मात्र फ्रान्सच्या टीजीव्ही आणि इटलीच्या फ्रेच्चारोस्सा या वेगवान रेल्वेगाड्यांत पास असूनही आरक्षणाचे पैसे वेगळे पडतात, आणि इटलीच्याच इतालो गाड्यांत पास चालतच नाही. स्वित्झर्लंडच्या साध्या गाड्यांत आरक्षणाची भानगड नाही. म्हणून आधी वहीतल्या प्रत्येक टप्प्याचं सुटं तिकीट बघा, बेरीज करा, मग पासची किंमत आणि आरक्षणाचा खर्च शेजारी लिहा. जपानच्या सात दिवसांच्या पासचे दर ऑक्टोबर २०२३ मध्ये ५०,००० येन झाले. तोक्यो–क्योतो जाऊन-येऊन सुट्या तिकिटांना २८,००० येनच्या आसपास लागतात. दोनच शहरं करणाऱ्याने तो पास का घ्यावा?

तिकीट शोधताना शहरांची तिथली नावं वापरा. फ्लोरेन्स म्हणजे फिरेन्झे, म्युनिक म्हणजे म्युन्शेन. व्हेनिसची दोन स्टेशनं आहेत: मेस्त्रे अलीकडे जमिनीवर, सांता लुचिया थेट बेटावर. हॉटेल बेटावर असेल आणि तुम्ही मेस्त्रेला उतरलात तर बॅगा घेऊन पुन्हा गाडी धरावी लागते. इटलीत पिवळा तक्ता सुटणाऱ्या गाड्यांचा आणि पांढरा येणाऱ्यांचा. घाईत लोक पांढऱ्यावर आपली गाडी शोधत बसतात. हमाल मिळेल असं समजू नका. जी बॅग स्वतः तीन पायऱ्या चढवता येत नाही ती घेऊ नका. डबा मात्र खुशाल उघडा, कडक भाकरी आणि शेंगाचटणीला कोणी हरकत घेत नाही.

गाडी ठरली तर कागद

परदेशात गाडी चालवण्याच्या आंतरराष्ट्रीय परवान्याचा अर्ज 'सारथी' संकेतस्थळावरून करायचा, आपल्याच आरटीओकडे. अर्जाचा नमुना ४-ए, शुल्क १,००० रुपये, मुदत एक वर्ष. पासपोर्टसोबत व्हिसा आणि तिकिटाची प्रतही मागतात, त्यामुळे व्हिसा हातात येईपर्यंत हे काम अडू शकतं. निघण्याच्या आठवड्यावर ढकलू नका. मूळ लायसन्सही सोबत हवं, नुसता परवाना चालत नाही.

लायसन्स, पासपोर्ट आणि क्रेडिट कार्डावरचं नाव जुळतंय का ते आधी तपासा. एकावर वडिलांचं नाव आहे, दुसऱ्यावर नाही, हे आपल्याकडे नेहमीचं, आणि काउंटरवर तेच नडतं. कार्ड मुख्य चालकाच्याच नावावर हवं. अनामत म्हणून त्यावरची मोठी रक्कम अडवून ठेवतात. डेबिट कार्ड अनेक ठिकाणी घेत नाहीत. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर बुकिंगमध्येच तसं निवडा. युरोपात साधारणपणे गिअरची गाडी मिळते, आणि उजव्या हाताने गिअर टाकायचा असतो.

रात्रभर विमानात बसून उतरल्यावर त्याच दिवशी उजवीकडून गाडी चालवायला घेऊ नका. पहिला अर्धा तास पार्किंगमध्येच घालवा: आरसे, दिवे, इंडिकेटर आणि वायपरच्या दांड्या (आपल्या बऱ्याच गाड्यांच्या उलट बाजूला असतात), टाकीच्या झाकणावर पेट्रोल लिहिलंय की डिझेल. चौकातल्या गोल रिंगणात डावीकडून येणाऱ्याला वाट द्यायची.

इटलीच्या जुन्या शहरांत झेडटीएल नावाचा भाग असतो. तिथे परवानगीशिवाय गाडी घातली की कॅमेरा नंबर टिपतो, आणि जितक्या वेळा शिराल तितके दंड. नकाशाचं ॲप वाट दाखवत होतं हे कारण चालत नाही. भाड्याची कंपनी तुमचं नाव-पत्ता पोलिसांना कळवण्याचे पैसे कार्डावरून आधी कापते. खुद्द दंडाची नोटीस घरी कित्येक महिन्यांनी येते. म्हणून गाडी परत करताना चारही बाजूंचे, किलोमीटरचे आणि पेट्रोलच्या काट्याचे फोटो काढा, आणि ते फोटो व करारपत्र किमान वर्षभर जपून ठेवा.