कमी ऐकू येणाऱ्याशी बोलताना या चुका टाळा (थोड्या चुका ऐकणाऱ्याच्याही)

घरात कुणाला कमी ऐकू यायला लागलं की पहिला उपाय ठरलेला असतो: आवाज चढवायचा. दुसरा उपाय म्हणजे तेच वाक्य आणखी मोठ्याने. दोघंही चिडतात आणि बोलणं तिथंच अडतं. माझ्या दोन्ही कानांना मशीन आहे, मालवणकडच्या गावात राहतो आणि मशीन लावूनही निम्मं ऐकण्याचं काम डोळेच करतात. त्यामुळे खालच्या चुका रोज समोरून बघतो.

ओरडणं

वयामुळे ऐकू कमी होतं ते बहुतेक वेळा वरच्या पट्टीपासून. स, श, त, फ, ख असे बारीक आवाज आधी जातात, स्वर शाबूत राहतात. म्हणून अण्णा म्हणतात, "आवाज येतो रे, पण काय बोलतोस ते कळत नाही." ते खरंच सांगत असतात. ओरडल्यावर वाढतात ते स्वर, म्हणजे जे आधीच ऐकू येत होतं तेच. शिवाय ओरडताना तोंड वेडंवाकडं होतं, ओठ वाचायचे कसे? आणखी एक गंमत: कमजोर कानाला हळू आवाज पोचत नाही, पण मोठा आवाज पटकन टोचतो. "जरा मोठ्यानं बोल" आणि "ओरडतोस कशाला" ही दोन्ही वाक्यं एकाच मिनिटात येतात. त्यात हेकटपणा नाही, कान तसा झालेला असतो.

आवाज नेहमीचाच ठेवा, फार तर किंचित मोठा. वेग कमी करा, वाक्य संपलं की थांबा. एकेक शब्द तोडून बोललात तर ओठांची नेहमीची लय जाते, मग तेही वाचता येत नाही.

"हे ओठ वाचतात, सगळं कळतं त्यांना"

आरशासमोर उभे राहा आणि आवाज न काढता "बाबा आले" म्हणा, मग "मामा आले" म्हणा. फरक दिसला? प, फ, ब, भ, म म्हणताना ओठ जवळपास सारखेच मिटतात. भात, पाठ, माठ हेही ओठांवर एकच. "भाजी आणलीस?" आणि "माझी आणलीस?" यांतही तेच. क, ख, ग, घ तर घशाजवळ होतात, बाहेरून काहीच दिसत नाही. माघी गणपती आणि बाकी गणपती यांत मला ओठांवरून निवड करता येत नाही. म्हणजे ओष्ठवाचन हा मुळात अंदाज आहे. थोडं दिसतं, थोडं ऐकू येतं, उरलेलं विषयावरून भरून काढायचं.

तसं थोडं ओठ सगळेच वाचतात. मॅगर्क आणि मॅकडोनाल्ड या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये दाखवलं की कानाला "बा" ऐकवलं आणि पडद्यावरच्या तोंडानं "गा" म्हटलं, तर बऱ्याच जणांना "दा" ऐकू येतं. करोनात मास्क आले तेव्हा चांगले कान असलेलेही "काय? काय?" करत होते, ते आठवा.

यातून सगळ्यात उपयोगी गोष्ट निघते, आणि तीच लोक सर्वांत कमी करतात: विषय आधी सांगा. "उद्या साडेआठची गाडी आहे, तिकीट काढलं का?" असं एकदम फेकू नका. "अण्णा, मुंबईला जाण्याबद्दल विचारतोय." इथं थांबा, त्यांनी तुमच्याकडे पाहू दे, मग प्रश्न. विषय माहीत असला की "तिकीट" अर्धवट दिसलं तरी चालतं. बोलता बोलता विषय बदललात तर तेही सांगा. कांद्यावरून काकीच्या ऑपरेशनवर उडी मारली की आम्ही मागेच राहतो.

एकदा कळलं नाही, दुसऱ्यांदाही कळलं नाही, तर तिसऱ्यांदा तेच वाक्य नको, शब्द बदला. "माठ भरलास?" नाही कळलं तर "प्यायचं पाणी भरलंस?"

उजेड चुकतो

आपल्या घरांत ही चूक जागेमुळेच होते. पाहुणा पडवीत कठड्याला टेकून बसतो, पाठीमागे अंगणातलं ऊन. त्याला बरं वाटतं, वारा लागतो. आतल्या बाजूला बसलेल्या माझ्यासारख्याला मात्र त्याचा चेहरा म्हणजे एक काळा ठिपका. जागा बदलून घ्या. उजेड बोलणाऱ्याच्या तोंडावर हवा. आणि लाइट गेली की आमचे कानही गेले. अशा वेळी बॅटरी आमच्या डोळ्यांवर मारू नका, स्वतःच्या तोंडावर थोडी खालून धरा. भुतासारखे दिसाल, पण कळेल.

जून-जुलैत पत्र्यावर पाऊस कोसळत असताना कुणालाच कुणाचं कळत नाही, तेव्हा महत्त्वाचं काही सांगूच नका. स्वयंपाकघरातून मिक्सर चालू असताना बोलणं, पाठ फिरवून बोलत जाणं, तोंडात पान किंवा मिश्री, ओठांवर हात, ओठ झाकणारी मिशी: हे सगळं एकाच माळेतलं.

गणपतीत चाकरमानी आले की घरात पंधरा माणसं एकदम बोलतात. कमी ऐकणाऱ्याला भिंतीला पाठ लावून, शक्यतो कोपऱ्यात बसवा, म्हणजे आवाज एकाच बाजूनं येतात आणि सगळे चेहरे दिसतात. आरतीला झांजा सुरू व्हायच्या आधी मशीनचा आवाज कमी करायला सांगा.

"काय नाय, रवांदे"

सगळे हसतात, आम्ही विचारतो काय झालं, आणि उत्तर येतं, "काय नाय, रवांदे," म्हणजे राहू दे. याच्यासारखं लागणारं दुसरं काही नाही. विनोद फालतू असेल, तरी एका वाक्यात सांगा. फालतू होता हे आमचं आम्ही ठरवू.

मशीन आणि कान

मशीन घेतलं आणि आठवड्यात कपाटात गेलं, हे फार घरांत होतं. इतकी वर्षं न ऐकलेले आवाज मेंदूला पुन्हा ओळखायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. सुरुवात घरातल्या शांततेत, रोज थोडे तास करा. पहिल्याच दिवशी मासळीच्या लिलावाला घालून जाऊ नका.

आवाज एकदम कमी झाला तर आधी सेल पाहा. झिंक-एअर सेलचं स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबून मग बसवायचा, त्याला हवा लागते. मग टोकाला मळ अडकलाय का पाहा. शिट्टी वाजत असेल तर मशीनचा कानात बसणारा साचा सैल बसलाय किंवा कानात मळ आहे. आपल्याकडच्या दमट हवेत नळीत पाण्याचे थेंब साचतात. रात्री सेलचं दार उघडं ठेवून मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवा.

कानात गरम खोबरेल किंवा लसणाचं तेल घालू नका. पडद्याला भोक असेल तर त्रास वाढतो. हेअरपिनबद्दल वेगळं सांगायला नको. आणि एका कानाचं ऐकणं अचानक, एका दिवसात गेलं तर "मळ असेल" म्हणून थांबू नका. त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा. यात उपचार लवकर सुरू होणं महत्त्वाचं असतं.

तपासणी न करता ऑनलाइन आवाज वाढवणारं यंत्र मागवणं हीही चूकच, कारण ते सगळेच आवाज सरसकट वाढवतं. मुंबईला जाणं होत असेल तर वांद्र्याला अली यावर जंग ही १९८३ पासूनची राष्ट्रीय संस्था आहे, तिथं तपासणी होते. दिव्यांगत्वाचा दाखला मिळाला नाही म्हणून ऐकण्याचा त्रासच नाही असं समजू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात "कमी ऐकू येणारे" ही व्याख्याच दोन्ही कानांनी ६० डेसिबल कमी ऐकू येण्यापासून सुरू होते, आणि साधं बोलणं मीटरभर अंतरावरून साधारण ६० डेसिबलचं असतं. त्याआधीच बरंच बोलणं निसटलेलं असतं.

आता आमच्या बाजूच्या चुका

मान डोलावणं. कळलं नाही तरी "हो हो". समोरचा खूश, आणि आपण कशाला हो म्हटलं ते दोन दिवसांनी कळतं. दुसरी खोड, ऐकावं लागू नये म्हणून स्वतःच अखंड बोलत राहणं. आमच्यातले बरेच गप्पिष्ट लोक त्यातूनच तयार झालेत.

नुसतं "काय?" विचारू नका. त्यानं समोरचा अख्खं वाक्य पुन्हा म्हणतो, तेही वैतागून. जेवढं कळलं तेवढं सांगा: "उद्या बँकेत जायचं हे कळलं, किती वाजता?" मग त्याला एकच शब्द परत सांगावा लागतो. सात आणि साठ ओठांवर सारखेच दिसतात, म्हणून वेळ, पैसे आणि औषधाचा डोस बोलण्यावर सोडू नका. मोबाइलवर टाइप करून घ्या, नाहीतर खिशात छोटी वही आणि पेन ठेवा.