ऑर्व्हिएतो दाखवायचं तर गाडी खालीच ठेवा

इटलीतल्या डोंगरमाथ्यावरच्या गावात पाहुण्यांना न्यायचं म्हणजे चढ, पार्किंग आणि दमलेले पाय. ऑर्व्हिएतोला यावर सोपा उपाय आहे.

१. रोमहून रेल्वेनेच या. गाडी असेल तर खाली स्टेशनच्या मागच्या वाहनतळावर ठेवा.

२. स्टेशनसमोरून फ्युनिक्युलर, म्हणजे दोरावर चढणारी छोटी रेल्वे, थेट वर पिआत्सा काहेन या चौकात नेते.

३. तिथे उतरल्यावर लगेच सान पात्रित्सिओची विहीर पाहा, पाय ताजे असताना. ५३ मीटर खोल, २४८ पायऱ्या. उतरायचा जिना वेगळा, चढायचा वेगळा; दोन्ही एकमेकांभोवती गुंफलेले, त्यामुळे येणारे-जाणारे समोरासमोर येतच नाहीत. आपल्याकडच्या बारवा पाहिलेल्या माणसाला ही रचना फार भावते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना शेजारच्या बागेत बसवा, तिथून दरीही छान दिसते.

४. मग कोर्सो काव्हूर या रस्त्याने रमतगमत जा, तोर्रे देल मोरो मनोऱ्यापाशी डावीकडे वळा. कॅथेड्रल दुपार कलल्यावरच गाठा. पश्चिमेचं ऊन पडलं की दर्शनी भिंतीवरचं सोनेरी मोझॅक उजळतं.

एक सांभाळा: जुन्या गावात ‘झेड-टी-एल’, म्हणजे वाहनांना मर्यादित प्रवेश असलेल्या भागाच्या, पाटीपलीकडे गाडी घालू नका. कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड नंतर घरी येतो.