मागे पडलेली खेळणी मुलांच्याच हातून कशी द्यावीत

मुंबईच्या वन बीएचकेमध्ये माणसांनाच जागा पुरत नाही, तरी खेळणी साठत राहतात: दिवाणाच्या पोटात, माळ्यावर, बाल्कनीतल्या टबात. मग मूल शाळेत गेलेलं पाहून घरातलं कुणीतरी एक पिशवी भरतं आणि गुपचूप देऊन टाकतं. घर मोकळं होतं. पण मुलाला यातून कळतं ते एवढंच, की आपली वस्तू न विचारता नाहीशी होऊ शकते. मग उरलेली खेळणी ते आणखी घट्ट धरून बसतं. द्यायला शिकवायचं असेल तर निवडणं, साफ करणं, बांधणं आणि पोचवणं या चारही कामांत मुलाचा हात हवा.

आधी घेणारा शोधा

खेळणी काढण्याआधी ती कुठे जाणार ते ठरवा. जवळच्या अंगणवाडीत ३ ते ६ वर्षांची मुलं येतात. तिथल्या सेविकाताईंना सरळ विचारा, "काय कमी पडतं?" ठोकळे, मोठे मणी, चित्रांची पुस्तकं, भातुकली अशी उत्तरं आली की मुलालाही शोधायला नेमकं काहीतरी मिळतं. गूंजसारख्या संस्था वापरता येण्याजोग्या वस्तू स्वीकारतात. काय घेतात आणि कोणत्या वेळी, हे फोनवर आधी विचारून घ्या. रुग्णालयाच्या बालविभागात मऊ खेळणी बहुधा नको असतात, कारण त्यांतून जंतुसंसर्ग पसरू शकतो.

घरकामाच्या ताईंच्या किंवा वॉचमनच्या मुलांना द्यायचं असेल तर आधी त्यांच्या आईवडिलांना बाजूला घेऊन विचारा, आणि "नको" म्हणणं त्यांना सोपं जाईल असं विचारा. मुलांना समोरासमोर उभं करून देवाणघेवाण करू नका. एकाच आवारात खेळणाऱ्या दोन मुलांत एक देणारा आणि एक घेणारा झाला की खेळ बिघडतो.

निवड: वीस मिनिटं, बारा खेळणी

सगळा पसारा एकदम काढू नका. रविवारी सकाळी, पोटात नाश्ता असताना, बारा-पंधरा खेळणी चटईवर मांडा. तीन जागा करा: ठेवायची, द्यायची, आणि "विचार करू". तिसऱ्या जागेतली खेळणी खोक्यात घालून वर तारीख लिहा आणि महिनाभर माळ्यावर ठेवा. महिन्यात ज्याची आठवण निघाली नाही, त्याबद्दल मुलाला पुन्हा विचारा.

३ वर्षांखालच्या मुलाला कायमचं देणं म्हणजे काय ते कळत नाही. त्याने पिशवीत एखादी वस्तू ठेवली तरी पुरे. ४-५ वर्षांच्या मुलाला दोन-दोन खेळण्यांतून एक निवडू द्या. सात-आठच्या पुढे कुणाला द्यायचं हेही त्यालाच ठरवू द्या.

इथे प्रश्नाचे शब्द महत्त्वाचे आहेत. "तुला नको असलेलं काढ" म्हटलं की चाक निखळलेली गाडी पुढे येते. "अंगणवाडीतल्या मुलांना यातलं काय आवडेल?" असं विचारलं की मूल दुसऱ्याच्या जागी जाऊन पाहतं. "हे दे, मग नवीन आणू" हे तर मुळीच नको. जुने कपडे देऊन बोहारणीकडून भांडं घेण्यासारखाच तो व्यवहार होतो, आणि मूल पुढच्या वेळी आधी भाव विचारतं.

तपासणी आणि सफाई

टिश्यू रोलच्या पुठ्ठ्याच्या नळीतून जो तुकडा आरपार जातो तो लहान मुलाच्या घशात अडकू शकतो. असं खेळणं ३ वर्षांखालच्या मुलांसाठी देऊ नका. रंगाचे पोपडे निघालेलं जुनं खेळणंही नको, त्या रंगात शिसं असू शकतं. आंघोळीचं रबरी बदक पिळून पाहा: काळपट पाणी आलं तर आत बुरशी आहे, ते टाकून द्या. पझलचे तुकडे मुलाला मोजायला लावा आणि चेनच्या पिशवीत घाला.

सेलवरच्या खेळण्यांचं झाकण मोठ्यांनी उघडायचं. आतल्या स्प्रिंगवर पांढरी पूड जमली असेल तर सेल गळलेला आहे. हातमोजे घालून सेल काढा, इअरबडला थेंबभर व्हिनेगर लावून स्प्रिंग पुसा, कोरडी करा, नवे सेल घालून चालू होतं का ते बघा. बटणासारखे चपटे सेल असतील आणि झाकणाला स्क्रू नसेल तर ते खेळणं देऊच नका: गिळलेला असा सेल दोन तासांत अन्ननलिका भाजू शकतो.

प्लास्टिक कोमट साबणाच्या पाण्यात धुता येतं, जुना टूथब्रश मुलाच्या हातात द्या. लाकूड मात्र भिजवू नका, फुगतं. ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडं करा. मऊ बाहुल्या उशीच्या अभ्र्यात बांधून मशीनमध्ये घाला. पावसाळ्यात हे काम काढू नका. आतला कापूस वाळत नाही आणि दोन दिवसांत कुबट वास येतो. ऑक्टोबरचं ऊन याला उत्तम, दसरा-दिवाळीची साफसफाईही तेव्हाच निघते. मधून मधून उलटत पूर्ण दोन दिवस वाळवा.

बांधणं आणि पोचवणं

चकचकीत कागद नको. मुलाला उचलता येईल एवढी कापडी पिशवी घ्या आणि प्रत्येक खेळण्याला त्याच्या अक्षरातली चिठ्ठी लावा: "डाव्या बाजूचं बटण जोरात दाबायचं." खेळण्याची खोड त्यालाच ठाऊक असते, आणि ती सांगताना आपण कुणाला तरी काही शिकवतोय हे त्याला जाणवतं. लोकलने जाणार असाल तर अकरा ते चारच्या दरम्यान निघा.

बालगृहात गेलात तर तिथल्या मुलांचे फोटो काढू नका. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करायला २०१५ च्या बाल न्याय कायद्यानेच मनाई केली आहे. अंगणवाडीतही हाच संकोच पाळा.

दारापर्यंत जाऊन मूल एखादी बाहुली परत मागेल. टोमणा न मारता ती द्या, उरलेली पिशवी पुढे जाऊ द्या. मात्र एकदा दिलेलं परत मागता येणार नाही, हे घरून निघण्याआधीच स्पष्ट सांगा आणि पिशवी एकदा शेवटची उघडून पाहू द्या.