गच्चीवर वरी पेरायची तर मृगातच

मुंबईत पाऊस सरासरी 11 जूनला येतो आणि 8 ऑक्टोबरच्या सुमारास परततो. पुढचे आठ महिने गच्ची नुसती तापत असते. तरीही लॉनची हौस सुटत नाही आणि सोसायट्या टँकरचं पाणी त्या हिरवळीवर ओततात. गवतच हवं असेल तर आपल्याकडचं, एका पावसाळ्यात आयुष्य पुरं करणारं लावा. वरी, म्हणजे जिच्या दाण्याची उपासाची भगर होते ती, असंच गवत आहे. ती पेरणीपासून साधारण 90 ते 110 दिवसांत कापणीला येते, म्हणजे कोरडे दिवस सुरू होतात तेव्हा तिला पाणी घालायचा प्रश्नच उरत नाही.

किराणा दुकानातली भगर पेरू नका. तिचं टरफल काढलेलं असतं, ती उगवण्याची आशा धरू नये. टरफलासकट दाणा हवा. जव्हार-मोखाड्याकडे डोंगरउतारावर नाचणी आणि वरी घेतात, तिकडच्या शेतकऱ्याकडे बियाण्याची वरी मागा. चिमूट-दोन चिमूट पुरते; हजार दाण्यांचं वजन जेमतेम दोन-अडीच ग्रॅम भरतं.

ही उतारावरची, हलक्या जमिनीतली वरी आहे. पाण्याच्या ताणाला ती दाद देत नाही. मुंबईत तिला मारतं ते साचलेलं पाणी. एकट्या जुलैत सांताक्रूझला 900 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणून पिशवी किंवा क्रेट विटांवर उचलून ठेवा, तळाची भोकं मोकळी आहेत ना ते दर आठवड्याला बघा. तांबड्या मातीत तिसरा हिस्सा जाड वाळू आणि थोडं शेणखत मिसळा. नुसतं कोकोपीट नको, ते पाणी धरून बसतं. सलग झडीनंतर पानं पिवळट दिसली तर मूठभर गांडूळखत द्या, कारण खत पावसाबरोबर वाहून गेलेलं असतं. युरिया टाळाच. रोपं उंच जातात आणि गच्चीवरच्या वाऱ्यात लोळतात.

जागा दिवसभर उन्हाची हवी. पहिला चांगला पाऊस झाला की वीतभर अंतराच्या ओळींत, बोटाच्या पेराहून कमी खोलीवर बी टाका. रोपं चार बोटं झाली की विरळणी करून दोन रोपांत 10 सेंटिमीटर जागा सोडा. इथे हात आखडू नका. पेरणी लांबली तर खोडमाशी जास्त सतावते. मधला पोंगा, म्हणजे गुंडाळलेला कोवळा शेंडा, सुकलेला दिसला की ते रोप उपटून टाका, फवारणीच्या भानगडीत पडू नका.

दाणा भरताना चिमण्या आणि मुनिया येतात. दाणे हवे असतील तर जाळी बांधा, नाहीतर त्यांना खाऊ द्या. मी अर्धं झाकतो.

लोंब्या पूर्ण पिवळ्या व्हायची वाट पाहिली तर दाणे झडतात. दोनतृतीयांश पिकल्या की सकाळी कापा आणि आत चादरीवर वाळवा. ऑक्टोबरच्या उन्हात दोन-तीन दिवस दाखवून, बियाण्यापुरते दाणे टरफलासकट कोरड्या बरणीत ठेवा. मुळं मातीतच राहू द्या, आणि पेंढा मिरची-वांग्याच्या कुंड्यांत पसरा. तिथलं पाणी देणं कमी होईल.